उलट्या पावलांचा

याला सरळ चालणं ठाऊक नाही. पार्टी ऐन भरात आलेली असते, एकाची गोष्ट वाईट वळणावर पोचते आणि हा तिथूनच मागे फिरतो. आलेली माणसं पाठमोरी परत जातात, घडलेलं सगळं गुंडाळलं जातं आणि तीच रात्र दुसऱ्याच्या वाट्यानं सुरू होते. मग तिसऱ्याच्या. उलट्या पावलांचं म्हटलं की आपल्याकडे भूत आठवतं. यालाही भूतकाळानं झपाटलेलं आहे. त्याची माणसं मात्र कधीच मागे वळून पाहत नाहीत.

'द रूल्स ऑफ अ‍ॅट्रॅक्शन' हे या चित्रपटाचं नाव, जन्म २००२ चा. 'पल्प फिक्शन'च्या लेखनासाठी टॅरँटिनोच्या जोडीनं ऑस्कर मिळवणाऱ्या रॉजर अ‍ॅव्हरीनं याला घडवलं. रक्त ब्रेट ईस्टन एलिसच्या १९८७ च्या कादंबरीचं. एलिस व्हरमाँटच्या बेनिंग्टन कॉलेजात शिकला. कादंबरीतलं कॅम्डेन कॉलेज काल्पनिक असलं तरी त्याच मातीतलं. तिथं शॉन बेटमन नावापुरता शिकतो आणि ड्रग्ज विकतो. त्याच कॉलेजातला पॉल शॉनवर जीव टाकतो, शॉन लॉरेनवर, लॉरेन युरोपात गेलेल्या व्हिक्टरवर. मोह आवरावा म्हणून ती गुप्तरोगांची चित्रं असलेलं पुस्तक उघडून बसते. व्हिक्टरचा अख्खा युरोप हा चारेक मिनिटांत धापा टाकत सांगून टाकतो: शहरं, बिछाने, नशा. परत आलेल्या व्हिक्टरला लॉरेन कोण हेच आठवत नाही. इतकं भोगलं आणि हाती काही उरलं नाही, हे सांगायला याला प्रवचन करावं लागत नाही.

याचं हसू काळं आहे. नशा अति झालेला एक मुलगा समोर बोलतो आहे आणि डॉक्टर त्याला मेलेला ठरवतो आहे. आपण हसतो, आणि मग कळतं की या कॉलेजात जिवंत आणि मेलेलं यांतला फरक खरोखरच पुसट झाला आहे.

कोवळीक मात्र आहे, आणि तीही अस्सल. शनिवारी सकाळी, वर्गाबाहेर शॉन आणि लॉरेन भेटतात. तोवर पडदा उभा दुभंगलेला असतो. एका अर्ध्यात तो, दुसऱ्यात ती. दोघं समोरासमोर येतात, कॅमेरे वळतात आणि दोन चौकटींची एक होते. दोन माणसांनी एकमेकांना नीट पाहिलं तर काय घडू शकतं, हे हा तेवढ्या क्षणात दाखवून देतो.

शॉनला कुणीतरी प्रेमपत्रं पाठवत असतं. ती लॉरेनची, अशी त्याची खात्री. लिहिणारी असते कॉलेजच्या मेसमध्ये जेवण वाढणारी मुलगी. तिचं नाव आपल्याला कधीच कळत नाही. आधीच्या दृश्यांत ती कडेला उभी होतीच. शॉननं पाहिलं नाही, आपणही पाहिलं नाही. ती स्वतःचा जीव घेते. पुढे शॉनही मरण्याचं नाटक करतो, लॉरेनचं लक्ष वेधायला. खरं मरण आणि खोटं मरण हा शेजारी शेजारी ठेवतो. मला हा आवडतो तो या निष्ठुर प्रामाणिकपणासाठी.

शेवटी हा वाक्य अर्ध्यावर तोडून निघून जातो आणि श्रेयनामावलीसुद्धा उलटी फिरते. पुष्कळांनी याला चंगळखोर म्हणून हिणवलं. मला तसं वाटत नाही. चंगळ करणारा मागचं विसरतो. हा पुन्हा पुन्हा मागे जातो, आणि त्या मागे जाण्यातूनच ताटापलीकडची ती मुलगी आपल्याला दिसते. कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येकानं याला एकदा भेटावं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मेसमध्ये वाढणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारावं.