लेकीच्या गावचा समुद्र

आमची लेक स्पेनमध्ये आलिकांतेला नोकरी करते. हे गेल्यापासून तिचा एकच धोशा, "आई, पुण्याची जागा विक नि इकडेच ये." म्हटलं, आधी गाव तर बघू! फेब्रुवारीत जाऊन सहा आठवडे राहून आले.

आलिकांते हे शहराचं नाव नि प्रांताचंही. एका बाजूला भूमध्य समुद्र, पाठीशी डोंगर. शहरातच बेनाकांतिल नावाचा १६६ मीटरचा डोंगर आहे, त्यावर सांता बार्बराचा किल्ला. मी आपली दर वळणावर दम खात चढले. खाली किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर लाल, काळ्या नि पांढुरक्या संगमरवरी तुकड्यांच्या लाटा काढल्या आहेत. पहिले दोन दिवस त्यांवर पाय ठेवतानाही बिचकायला होई.

बेनिदोर्मला ट्रामने जाता येतं. कोळ्यांचं हे लहानसं गाव, पण १९५६ साली नगररचना ठरली आणि पुढे उंचच उंच इमारती उठल्या. त्यांतलं एक हॉटेल तर १८६ मीटर! मोठे किनारे दोन, एकाचं नाव उगवतीचं, दुसऱ्याचं मावळतीचं. नावं मला फार आवडली, गाव मात्र नाही. थंडीत इथे उत्तर युरोपातल्या म्हाताऱ्यांची गर्दी. बाकावर शेजारी बसलेल्या एक इंग्रज आजी कायमच्याच आलेल्या. ऊन छान, गुडघे दुखत नाहीत म्हणाल्या. मी न राहवून विचारलं, "आजारी पडलात तर?" म्हणाल्या, "शेजारीण येते. पण डॉक्टरांचं बोलणं अजून नीट कळत नाही." हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं.

एल्चेला मात्र मी रमले. दोन लाखांहून जास्त खजुरीची झाडं, त्यांतली कित्येक भर शहरात! अरबांच्या काळात पाट काढून ही बाग लावली. पाणी खारट, पण खजुरीला चालतं. २००० साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. गंमत म्हणजे काही झाडांचे शेंडे बांधून झाकून ठेवतात. ऊन न लागल्यामुळे आतली पानं पांढुरकी पिवळी राहतात, आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिरवणुकीत ती हातात धरतात. आपलं घटातलं धान अंधारात पिवळं उगवतं ना, अगदी तस्सं! लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, इतकी वर्षं इथे राहून माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं."

खिखोना गावाचं तुर्रोन म्हणजे बदाम, मध नि अंड्याचा पांढरा बलक. अंडं न खाणाऱ्या मैत्रिणींनी जपून, बरं का! बदाम अख्खे राहिले की ते आलिकांतेचं, चिक्कीसारखं कडक. वाटून घोटलं की खिखोनाचं, मऊ नि तेलकट. दातांचा विचार करून मी दुसरं घेतलं.

ग्वादालेस्तला जाताना डोंगरउतारांवर दगडी बांधांची शेतं नि फुललेले बदाम. थेट पानशेतकडची ताल पाडलेली शेतं आठवली. कड्यावरच्या जुन्या गावात खडकात कोरलेल्या बोगद्यातून शिरायचं. वरून धरणाचं हिरवंनिळं पाणी दिसतं. तिथेच कट्ट्यावर टेकून लेकीला सांगितलं, "जागा विकायची नाही. थंडीचे दोन महिने येत जाईन. तिथे वाणी, दूधवाला, वरची मालती, सगळे हाक मारली की येतात. इथे मला ब्रेडसुद्धा खुणेनं मागावा लागतो."

"आणि पुढे विमानात बसवेनासं झालं तर?" तिने विचारलं.

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याला निघताना तिने माझ्या पिशवीत तुर्रोनचे चार डबे कोंबले आणि पुढच्या फेब्रुवारीच्या तिकिटाचे भाव बघायला बसली.