साडेसत्तावीस डॉलरची सनद

कायद्याच्या पुस्तकाचे आयुष्य तसे थोडकेच. दुरुस्ती झाली, नवी आवृत्ती आली, की जुनी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि तिथून रद्दीवाल्याच्या तराजूत. म्हणूनच ही पुस्तके दुर्मीळ होतात आणि ती जपणारे कुणीतरी असावे लागते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय हे काम पिढ्यानपिढ्या करीत आले आहे. १९१३ साली त्याने जॉर्ज डन या इंग्रज संग्राहकाचा जुन्या इंग्रजी कायद्याचा संग्रहच विकत घेतला. पुढेही हस्तलिखितांची खरेदी चालू राहिली. १९४६ साली लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून एक चर्मपत्र आले. मॅग्ना कार्टाची १३२७ मधली नक्कल, झिजलेली, ओलीचे डाग पडलेली, अशी त्याची नोंद होती. किंमत साडेसत्तावीस डॉलर!

राजासुद्धा कायद्याने बांधलेला आहे, असे लिहून देणारी ही सनद. इंग्लंडच्या सरदारांनी १२१५ साली जॉन राजाकडून ती मिळवली. पुढच्या राजांनी ती पुन्हा पुन्हा जारी केली.

ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक डेव्हिड कारपेंटर ती चाळत होते. ही ‘नक्कल’ पाहून ते थबकले. प्राध्यापक निकोलस व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी तपास केला. पुसट अक्षरे अतिनील प्रकाशात वाचली गेली. माप, अक्षराचे वळण आणि शब्दन् शब्द ज्ञात सहा अस्सल प्रतींशी ताडून पाहिला. मे २०२५ मध्ये जाहीर झाले, की ही नक्कल नव्हेच! पहिल्या एडवर्ड राजाने १३०० साली जारी केलेल्या सनदेची ही सातवी अस्सल प्रत आहे.

याचे श्रेय प्राध्यापकांना आहेच. पण जवळजवळ ऐंशी वर्षे ते डागाळलेले चर्मपत्र ज्यांनी सांभाळले, ‘नक्कल तर आहे, फोटो कशाला?’ असे न म्हणता ज्यांनी त्याचेही छायाचित्र काढले, त्यांचे काय? त्यांच्यावाचून प्राध्यापकांच्या नजरेला पडणार तरी काय होते?

आपल्याकडेही वकील आजोबांच्या पश्चात त्यांची पुस्तके बहुधा किलोच्या भावाने जातात. समासातल्या त्यांच्या टिपांसकट! रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती जवळच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना एकदा दाखवावीत. कशाचे मोल काय, हे कधीकधी पुढच्या पिढीलाच कळते. तोवर ती वस्तू टिकलेली मात्र असायला हवी.