तव्यावरचे तिकीट

आमच्या घरात ग्रामोफोनच्या तबकडीला 'तवा' म्हणतात. कामठीत भंगारवाल्याकडे तवे निघाले, की मी आधी लेबल बघते. कुणा गोऱ्या सोजिराच्या नाचगाण्याच्या तव्यावर कधी एक चिमुकले तिकीट चिकटलेले सापडते. ते पोस्टाचे नाही, सरकारीही नाही. 'मेकोलिको' हे त्यावरचे नाव गाण्यांच्या मालकांच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्या लंडनच्या खासगी कंपनीचे.

१९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याने गाण्याच्या मालकाला प्रत्येक तव्यामागे रॉयल्टी दिली. आधी किमतीच्या अडीच टक्के, मग पाच. तव्याच्या कंपनीने मालकाकडून तिकिटे विकत घ्यायची आणि लेबलावर डकवायची. १९१४ साली हा कायदा फेरफारासह हिंदुस्थानातही लागू झाला.

अम्मी म्हणते, "तिकीट भिजवून काढ बेटा आणि तवा टाकून दे. जागा किती अडते!" पण लेबल गेले तर पैसा कोणत्या गाण्याचा, हे कसे कळणार?

माझ्याकडच्या उर्दू गझलांच्या तव्यांवर तिकीट एकही नाही. गाणाऱ्याचे नाव ठळक असते, शायराचे बहुधा नसतेच. वर्गात मी मुलांकडून शायरांची नावे घोकून घेते, म्हणून हे जास्तच खुपते. सिनेमाच्या गीतकाराला रॉयल्टीतला अर्धा वाटा, तोही लिहून घेता न येणारा, मिळायला २०१२ ची कायदादुरुस्ती यावी लागली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी बोलले.

दिवाणांत शोधून एखाद्या गझलेचा शायर सापडला, की त्याचे नाव मी तव्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिते. आतापर्यंत अकरा झाले.