कॉन्टेसा कुणाला द्यायची?

भिलईच्या रुआबांधा सेक्टरमध्ये एका मराठी कुटुंबाच्या क्वार्टरपुढे पंधरा वर्षं एक गडद निळी कॉन्टेसा उभी असायची. घरचे काका पोलाद कारखान्यात मशीन शॉपला होते. निवृत्ती झाली, क्वार्टर सोडायची वेळ आली. नागपूरला मुलीच्या घराजवळ फ्लॅट घेतला, पण तिथे पार्किंग मिळालं ते स्कूटरपुरतं. ‘‘गाडी विकावी लागेल,’’ काकूंनी एकदाचं बोलून टाकलं. काका आठ दिवस त्या विषयावर गप्प होते.

आजच्या मुलांना कॉन्टेसा म्हणजे काय, हे सांगावं लागतं. हिंदुस्तान मोटर्सने ती 1984 मध्ये आणली. आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, लांबलचक बोनेट, रुंद बसका बांधा. आत मात्र सुरुवातीला अ‍ॅम्बॅसडरचंच जेमतेम 1500 सीसीचं इंजिन! पुढे जपानच्या इसुझूचं 1800 सीसीचं इंजिन बसलं, तेव्हा कुठे देहाला शोभेल असा जीव आला. अमेरिकेत साठच्या दशकात दांडग्या इंजिनांच्या ‘मसल कार’ निघाल्या. त्यांच्या ताकदीशी हिची बरोबरी नाहीच, पण दिसण्यापुरती आपल्याकडची मसल कार हीच, असं शौकीन मानतात. 2002 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

काकांनी घेतलेली गाडी 1991 ची, इसुझू इंजिनाची. दुर्गच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात ती पडून होती. डिकीत उंदरांचा संसार होता. पायाखालचं मॅटिंग उचललं, तर खालच्या पत्र्याची चाळण झालेली! या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे तळ गेला की गाडीच गेली. पुट्टी भरून रंग मारून देतो, असं एक गॅरेजवाला म्हणाला. जन्मभर लोखंडाशी वावरलेल्या माणसाला ते कसं पटावं? गंजका पत्रा कापायचा, मापाचा नवा तुकडा जोडायचा, घासायचा, असं सव्वा वर्ष दर रविवारी चाललं. सुट्या भागांसाठी हावड्याची गाडी पकडून कोलकात्याचा मल्लिक बाजार गाठायचा. एकदा तर दारांची रबरं गळ्यात हारासारखी अडकवून काका परतले.

अशा कौतुकात घरच्या बाईचा वाटा सहसा कुणी मोजत नाही. सीटची कव्हरं काकूंनी घरच्या शिलाई मशीनवर शिवली. जाड रेक्झिनपायी किती सुया मोडल्या, त्याची गणती नाही. नट-बोल्टापासूनचा सगळा हिशेब त्यांच्याच वहीत. मुलीच्या लग्नाच्या वर्षी त्या वहीत एकही ओळ नाही. कव्हरांची शिलाई आणि काकांचे रविवार सोडून बेरीज आली पावणेचार लाख.

पहिलं गिऱ्हाईक रायपूरहून आलं. गाडीभोवती फिरलंसुद्धा नाही, फक्त इंजिनाचा आवाज ऐकला. दुसऱ्या गाडीत बसवायला इंजिन-गिअरबॉक्स हवा होता. बाकी पत्रा भंगारात. दोन लाख दहा हजार, रोख. दुसरा नागपूरचा तरुण. टॉर्च घेऊन तो गाडीखाली आडवा झाला आणि ‘‘काका, हा जोड तुम्हीच मारला का?’’ म्हणून विचारता झाला. त्याच्याकडे दीड लाखच होते.

साठ हजारांचा फरक! पगार थांबलेल्या घरात ही काही थोडी रक्कम नव्हे.

‘‘तूच सांग,’’ काका म्हणाले.

‘‘अहो, मी कव्हरं शिवली ती काय भंगारवाल्यासाठी?’’

गाडी नागपूरला द्यायची ठरली. काकू नुसत्या हळव्या मात्र नाहीत. पैसे आधी बँकेत, कागद होईतो किल्ली घरात, हे त्यांनीच बजावलं. ते योग्यच होतं. नाव बदलल्याशिवाय गाडी हवाली केली आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच सांगितलं. शिवाय हा मामला दोन राज्यांचा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून भागत नाही, दुर्गच्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना हरकत दाखलाही लागतो. जुन्या गाड्यांच्या जतनासाठी केंद्राने 2021 मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले, पण त्यासाठी वयाची अट 50 वर्षांची. ही गाडी तिथे पोहोचणार 2041 मध्ये. तोवर कायद्याला ती नुसती जुनी गाडी.

दाखला हाती यायला तीन आठवडे लागले. पैसे बँकेत जमा होते, गाडी दारातच. काका रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवायचे.

‘‘आता ती दुसऱ्याची झाली. पेट्रोल कुणाचं जाळताय?’’ काकूंनी विचारलं.

‘‘बॅटरी उतरेल ना गं!’’

त्या पेट्रोलचे चारशे रुपयेही वहीत लिहिले गेले. तरुण गाडी न्यायला आला, तेव्हा काकूंनी ते त्याच्याकडून मागून घेतले आणि वही मात्र त्याला देऊन टाकली. कुठला भाग कुठे मिळाला, ते सगळं तिच्यातच होतं.