लाल माती, धारोष्ण दूध आणि माझे ७८ किलो

पहाटेचे साडेचार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुत्रीसुद्धा गाढ झोपलेली. आणि सकाळच्या मीटिंगसाठी तीन-तीन अलार्म लावणारा मी एका तालमीच्या दाराशी चपला काढत उभा! कारण एकच. वजनकाट्यावरचा आकडा : ७८.

थोडा फ्लॅशबॅक. तीन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं, तर एचबीएवनसी सहा. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बाबांना चाळिशीत मधुमेह झाला. त्यांच्या इन्सुलिनच्या सुया बघतच मी मोठा झालो, त्यामुळे सॉलिड टरकली. डॉक्टर म्हणाले, ‘पोट कमी करा, स्नायू वाढवा.’ दोन्ही एकदम? जिममधला दोस्त हसला. ‘बॉस, आधी बल्किंग, मग कटिंग. दोन्ही एकत्र होतच नाही.’

तरी इमानेइतबारे मेहनत केली. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलली, भात निम्मा केला, वडापावला सोडचिठ्ठी दिली. तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो. ७८! एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. जिम सोडायचं जवळजवळ पक्कं झालं होतं, तेवढ्यात कोल्हापूरच्या मित्राचा फोन आला. ‘लेका, वजनाचं कोडं घिऊन पुण्यात काय बसलाईस? तालमीत ये.’ शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटी पकडली.

तालमीत शिरल्या शिरल्या आधी वास येतो. लाल मातीत मुरलेलं ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. भिंतीवर मारुतीची तसबीर आणि शेजारी राजर्षी शाहू महाराज. पोरं फावड्यानं आखाडा उकरत होती. मला वाटलं, साफसफाई चाललीय. नाही हो, हाच त्यांचा वॉर्म-अप! मग जोर, मग बैठका. मीही एका कोपऱ्यात सुरू झालो. विसाव्या जोरला हात लटपटले आणि तोंडात माती. शेजारचा मिसरूडही न फुटलेला पोरगा एका लयीत खाली-वर होतच राहिला. त्याचे आकडे मोजायचं मी सोडून दिलं.

वस्ताद बाजूच्या बाकावर बसले होते. साठीचे, मोडलेले कान, आणि चक्क सुटलेलं पोट. माझी नजर कुठं गेली ते त्यांनी बरोबर हेरलं. ‘मेहनत सुटली पाव्हणं, खुराक न्हाई सुटला,’ असं म्हणून स्वतःच खो खो हसले.

मी माझं ७८चं रडगाणं गायलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पट्टा कुठल्या भोकावर हाय?’

मी खाली बघितलं. पट्टा दोन भोकं आत गेला होता. रोज लावतो, पण कधी लक्षच गेलं नव्हतं.

‘मग काटा घिऊन काय करताय? वजन गटापुरतं बघायचं. कुस्ती अंगातल्या ताकदीवर हुती.’

गटावरून खाशाबा जाधव आठवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ५२ किलोच्या गटात सहावा आला. १९५२ला हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात उतरला आणि ब्राँझ घेऊन आला. वाढलेले किलो कशाचे आहेत, फरक तिथं पडतो.

तिथून मोर्चा गंगावेशच्या दूध कट्ट्यावर. समोर म्हैस, समोर धार, हातात फेसाळता ग्लास. सहीच! दुसरा मागणार, तेवढ्यात वस्तादांचं पोट आठवलं. म्हशीच्या दुधाच्या मोठ्या ग्लासात नऊएक ग्रॅम प्रोटीन असतं, पण उष्मांकही अडीचशेच्या घरात. पहाटेपासून घाम गाळणाऱ्याला ते जिरतं. नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याच्या ते पोटावर बसतं. पैलवानाची मेहनत न घेता नुसता खुराक उचलणं हा आपला लाडका शॉर्टकट!

दुपारी खासबाग मैदानात गेलो. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ साली सुरू झालं. गोल, बशीसारखं उतरतं. कुठंही बसा, मधला आखाडा दिसतोच. रिकाम्या पायऱ्यांवर बसून आहारतज्ज्ञ मैत्रिणीला फोन लावला. ‘दोन्ही एकदम होतं का गं?’

‘तुझ्यासारख्याचं होतं,’ ती म्हणाली. नव्यानं व्यायाम सुरू केलेला आणि अंगावर चरबी असलेला, म्हणजे मीच! मुरलेल्या, आधीच सडपातळ पैलवानाला हे अवघड जातं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली ४० स्थूल तरुणांवर झालेला प्रयोग तिनं सांगितला. चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खाणं आणि दणकून व्यायाम. ज्यांनी वजनाच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन घेतलं, त्यांची सरासरी ४.८ किलो चरबी गेली आणि चरबी सोडून बाकीचं वजन १.२ किलोनं वाढलं. निम्मं प्रोटीन घेणाऱ्यांची चरबीही कमी गेली आणि स्नायूंत जवळपास काहीच भर पडली नाही. मी काही एवढी उपासमार करायची गरज नव्हती. थोडं कमी खाणं, किलोमागे दीडएक ग्रॅम प्रोटीन आणि हळूहळू वाढत जाणारी वजनं, एवढं मला पुरे. (किडनीचा त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

‘आणि झोपतोस किती?’ तिचा पुढचा प्रश्न. मी गप्प. पोरं मेहनत करून, जेवून दुपारी ढाराढूर झोपतात, हे मी तालमीत नुकतंच बघितलं होतं. शिकागोच्या २०१०च्या प्रयोगात साडेपाच तास आणि साडेआठ तास झोपणाऱ्यांचं वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपणाऱ्यांची चरबी निम्म्याहून कमी गेली. त्यांनी गमावले ते स्नायू. काट्याला यातला फरक कळलाच नसता!

घरी परतल्यावर पहिलं काम केलं. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. कंबर ३८ इंचांची साडेपस्तीस झाली होती. एचबीएवनसी पुढच्या महिन्यात परत तपासायचाय, त्यामुळे धाकधूक आहेच. पण जिम सोडलेलं नाही. वजनकाटा माळ्यावर गेलाय आणि रात्री अकराला मोबाइल बंद होतो. अलार्म? अजूनही तीनच!

कधी जाताय?
पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. स्वारगेटहून एसटी मिळते, तर मुंबईकरांना रात्रभराची महालक्ष्मी एक्सप्रेस. तालीम बघायची तर पहाटेच. न विचारता मातीत पाय टाकू नका, फोटोही काढू नका. जुन्या तालमींत मुलींना सहसा प्रवेश नसतो, तेव्हा आधी चौकशी करा. तांबडा-पांढरा रस्सा जरूर ओरपा, पण आधी वीस जोर मारा!