घरं हलवली, पत्ता तोच

पाऊस लागला की घोरावाडीत लाईटचा भरवसा नसतो. म्हणून संगणकाच्या डिस्कचं काम मेअखेरीसच उरकायचं ठरवलं. घरात संगणक एकच, त्यावर लिनक्स आणि खाती तीन: माझं, दादाचं, वहिनींचं. वहिनी दहावीच्या शिकवण्या घेतात, त्यांच्या प्रश्नपत्रिका त्यात. दादाचे लोहगड-विसापूरचे व्हिडिओही त्यातच. १२० जीबीची एसएसडी काठोकाठ भरली आणि एका संध्याकाळी कुणालाच लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, पण पडदा पुन्हा तिथेच. लॉगिन होताना लिनक्सला काही बारीक फायली लिहायच्या असतात, त्यांनाही जागा उरली नव्हती.

उपाय जुनाच: प्रत्येकाच्या फायलींचं फोल्डर, म्हणजे त्याचं घर, जिथे असतं ते 'होम' वेगळ्या डिस्कवर हलवायचं. बेल लॅब्सच्या सुरुवातीच्या युनिक्सवरही वापरकर्त्यांच्या फायली मूळ प्रणालीपासून वेगळ्या डिस्कवर असत. मी १ टीबीची हार्ड डिस्क जोडली आणि तिच्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टीम बनवली. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकाच्या खात्यासाठी, राखून ठेवते. मूळ प्रणालीच्या डिस्कवर ते शहाणपणाचं, पण नुसत्या घरांच्या डिस्कवर जवळपास ५० जीबी अडकवून ठेवायचे कशाला? ती राखीव जागा एक टक्क्यावर आणली.

कुणाचंच खातं उघडं नाही याची खात्री करून रूट म्हणून टर्मिनलच्या काळ्या पडद्यासमोर बसलो. साध्या कॉपी-पेस्टवर अशा वेळी विसंबू नये. मालकी, परवानग्या, लपलेल्या फायली, दुवे, सगळं जसंच्या तसं जायला हवं. आरसिंक ही आज्ञा योग्य पर्यायांसह ते नीट करते. मग फायलींचे मालक नावांऐवजी आकड्यांत पाहिले: १०००, १००१, १००२. डिस्कला दादा-वहिनी कळत नाहीत, हे आकडेच कळतात. पुढे लिनक्स नव्याने टाकून खाती उलटसुलट क्रमाने उघडली, तर दादाचे व्हिडिओ वहिनींच्या मालकीचे व्हायचे! ते आकडे वहीत उतरवून ठेवले.

जुन्या होमचं नाव बदलून बाजूला ठेवलं. हे टाळून त्याच फोल्डरवर नवी डिस्क माउंट केली, तर जुन्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, पण एसएसडीवरची जागा मात्र अडवून बसतात. कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फायलीत डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, लिहिला, कारण एसडीए-एसडीबी या नावांची रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकते. रीबूट करायच्या आधी ती ओळ तपासून घेतली. तिच्यात चूक राहिली तर मशीन सुरू होताना मध्येच अडकतं.

प्रत्येकाने हे करावं असं मी म्हणणार नाही. एकच छोटी डिस्क असेल तर तिचे दोन भाग पाडल्यास एक तुंबतो आणि दुसरा रिकामा राहतो. आमच्याकडे दोन डिस्क होत्या, म्हणून जमलं.

वहिनींनी लॉगिन केलं. डेस्कटॉप तोच, प्रश्नपत्रिका जागच्या जागी.

"भाऊजी, आता पेनड्राइव्हवर ठेवायची गरज नाही ना?"

"ठेवाच, वहिनी. डिस्क बदलली, पण जुनं होम पुसलं की प्रत पुन्हा एकच."

जुनं होम पुसायच्या आत दादाने राजमाचीचे व्हिडिओ चढवायला घेतले होते.