आडनाव न विचारणारे शहर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आम्ही सहा शिक्षक-शिक्षिका २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांसाठी बँकॉकला जाऊन आलो. वर्षावास संपला होता आणि कठिन चीवरदानाचा महिना चालू होता. विहार पाहिले, वंदना केली, फोटो काढले. त्या विहारांची वर्णने कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळतील. आमच्या मनात घर करून राहिले ते रस्त्यावरचे, रोजच्या व्यवहारातले बँकॉक. त्यातून एक प्रश्न उभा राहिला. तो आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

इतिहास शिकवणाऱ्याची नजर प्रथम सनावळीकडे जाते. पहिल्याच सकाळी दुधाची बाटली हाती घेतली, तर तिच्यावर वर्ष छापलेले होते २५६७. तेथे सरकारी कागदापासून दुकानाच्या पावतीपर्यंत बुद्धसंवत चालतो. इसवी सनात ५४३ मिळवले की तो आकडा येतो. आपल्याकडे बुद्धाचे वर्ष विहाराच्या पत्रिकेत वैशाख पौर्णिमेला एकदा भेटते. तेथे ते दुधाच्या बाटलीवर रोज भेटते. श्रीलंका, ब्रह्मदेश आणि भारत यांनी अडीच हजारावे वर्ष १९५६ साली साजरे केले, थायलंडने १९५७ साली, कारण त्यांची गणना एका वर्षाने मागे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस त्याच अडीच हजाराव्या वर्षातला, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. तो हिशेब बाजारात जिवंत चालताना पाहून मन भरून आले.

शहर अफाट आहे. रस्त्याच्या वरून धावणारी आकाशगाडी १९९९ पासून चालू आहे. सकाळी तिच्यात मुंबईच्या लोकलइतकीच गर्दी असते. मात्र लोक फलाटावर आखलेल्या रेषांमागे रांगेत उभे राहतात आणि उतरणाऱ्यांना आधी वाट देतात. डब्यात वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्या जागेवर भिक्खूंसाठीही जागा राखलेली असते. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत वाजले की स्थानकावरचे धावते पाय थांबतात. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले बसलेले असतात. बसरस्त्यापासून आतल्या घरापर्यंत माणसे पोहोचवणे हा त्यांचा धंदा. चाओ फ्राया नदीतून नावा बसगाड्यांसारख्या ये-जा करतात. २०११ च्या पुरात हे शहर आठवडेच्या आठवडे संकटात होते असे ऐकल्यावर आमच्यातील सांगलीकरांना २०१९ चा ऑगस्ट आठवला. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली, एवढ्या एकाच आकड्यावर तेव्हा सगळी सांगली श्वास धरून होती.

विहाराला थाई भाषेत ‘वाट’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द फार गोड लागला. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरू. प्राध्यापकाला ‘आचान’, तो आचार्य. विद्यापीठाला ‘महावित्थयालाय’, ते महाविद्यालय. लिपी कळत नव्हती, तरी शब्द ओळखीचे निघत होते.

पहाटे सहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून भिक्खू अनवाणी पिंडपातासाठी निघत. शेवग्याच्या शेंगा, मासळी आणि भात विकणाऱ्या बायका आपले दुकान मांडता मांडता चपला काढून उभ्या राहत. रबराने बांधलेल्या छोट्या पिशव्यांत भात आणि कालवण असे. ते पात्रात पडे, भिक्खू पालीत आशीर्वाद देत आणि पुढच्या दारी जात. तिसऱ्या दिवशी आम्हीही दान दिले. नंतर आम्ही हात जोडून त्रिशरण म्हणू लागलो, तेव्हा शेजारची वृद्ध विक्रेती आपल्या चालीत आमच्याबरोबर म्हणू लागली. उच्चार वेगळे, सूर वेगळा, शब्द तेच. तिला मराठी येत नव्हते, आम्हाला थाई येत नव्हती. आमच्याजवळ सांगलीच्या भडंगाची एक पिशवी होती, ती आम्ही तिला दिली. तिने तेथेच मूठभर तोंडात टाकले आणि तिखटाने डोळे मोठे करून हसली.

त्या पात्रात दहा घरांचे अन्न एकत्र होत होते. कोणत्या घरचे कोणते, हे भिक्खू विचारत नव्हता. आपण पुस्तकातून शिकवतो ती गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती. शाक्यकुमारांनी आपला न्हावी उपाली याला आपल्याआधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली, म्हणजे त्याला वंदन करून आपला कुलाभिमान गळून पडेल, ही विनयपिटकातील कथा आपल्या मुलांना तोंडपाठ आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निवासाच्या ठिकाणी नोंदणी करणाऱ्या तरुणीने आमचे पासपोर्ट घेतले. आमच्यात एक कांबळे, एक बनसोडे, एक वाघमारे. तिची नजर आडनावांवरून सरळ पुढे गेली. तिने पहिले नाव उचलले, त्याला ‘खुन’ हा आदरार्थी शब्द जोडला आणि आठही दिवस आम्हाला त्याच नावाने हाक मारली. थायलंडमध्ये हीच रीत आहे. वर्तमानपत्र पंतप्रधानांचाही उल्लेख पहिल्या नावानेच करते. टेलिफोनच्या जुन्या पुस्तकातही क्रम पहिल्या नावाचा असे. घरचे टोपणनाव तर कार्यालयातही चालते. खाणावळीतील एका मुलीच्या छातीवरील बिल्ल्यावर लिहिलेल्या नावाचा अर्थ ‘कोळंबी’ आहे असे कळले तेव्हा आम्ही सगळेच हसलो, आणि ती आमच्याहून जास्त.

चौकशी केल्यावर इतिहास कळला. थाई लोकांना पूर्वी आडनावच नव्हते. १९१३ साली राजा वजिरावुध यांनी कायदा करून ते सक्तीचे केले आणि हजारो कुटुंबांना स्वतः आडनावे निवडून दिली. एका कुटुंबाचे आडनाव दुसऱ्या असंबंधित कुटुंबाला घेता येत नाही. त्यामुळे आडनाव हे कागदावरचे ओळखपत्र राहिले. माणसाचा ठाव घेण्याचे हत्यार ते झाले नाही.

साताऱ्याच्या मातीतल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी हा नऊ वर्षांचा मुलगा भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुले मसूर स्थानकावर उतरली. कपडे नीटनेटके, बोलणे सुसंस्कृत. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली. तुम्ही कोण, या प्रश्नाला मुलाने खरे उत्तर दिले आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असे ठरले. रात्रभर पिण्याचे पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहिले आहे. भारतीयांना त्या काळात थायलंडमध्ये व्हिसाविना प्रवेश होता. विमानतळावर शिक्का पडला तेव्हा आमच्या मनात मसूरचे स्थानक होते.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. या शाळेतून बाहेर पडलेला आणि चांगल्या नोकरीला लागलेला एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातून फोनवर म्हणाला, “सर, खोली पसंत पडली, भाडं ठरलं. मग आडनाव विचारलं. सांगितलं, तर म्हणाले, कालच दुसऱ्याला शब्द दिलाय.” असा अनुभव या स्मरणिकेच्या किती वाचकांना आला असेल, याची मोजदाद कोण करील? काहींनी त्यावर उपाय म्हणून आडनाव बदलले, काहींनी गावाच्या नावापुढे ‘कर’ लावले, काही फक्त वडिलांचे नाव सांगतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच झाला. पण पत्त्यात सिद्धार्थनगर किंवा भीमनगर लिहिले की विचारणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच. नाव बदलता येते. विचारणाऱ्याचे मन तेथेच राहते.

तर मग बँकॉक ही समतेची नगरी आहे काय? आठ दिवसांत आम्ही इतके भोळे झालो नाही. मोटारसायकलवाले, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका यांतील पुष्कळजण ईशान्येकडच्या इसान या गरीब प्रदेशातून आलेले असतात. त्यांची बोली आणि सावळा रंग यांवरून त्यांना कमी लेखणारे लोक त्या शहरात आहेत. रंग उजळवणाऱ्या मलमांनी दुकानांचे कप्पे भरलेले दिसतात. चिनी वंशाच्या कुटुंबांनी थाई समाजात मिसळून जाण्यासाठी लांबलचक थाई आडनावे घेतली, आणि त्या लांबीवरूनच आज त्यांचे मूळ ओळखले जाते. आडनावामागे दडण्याची वेळ तेथेही माणसांवर आली.

धम्माच्या बाबतीतही तसेच. पन्नाच्या बुद्धमूर्तीच्या राजविहारात भिंतीभर रामकथा रंगवलेली आहे. मोठ्या चौकात ब्रह्मदेवाच्या मूर्तीपुढे फुलांचे ढीग असतात. एका नामांकित विद्यापीठाचे नाव ‘थम्मासात’, म्हणजे धर्मशास्त्र. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या आणि महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी काय जाळले गेले हे जाणणाऱ्या माणसाच्या कपाळावर तो शब्द वाचून आठी पडणारच. आमच्यातील शिक्षिकांना आणखी एक गोष्ट सलली. भिक्खूच्या हाती वस्तू द्यायची तर स्त्रीने ती त्याने पसरलेल्या कापडावर ठेवायची. १९२८ च्या संघाज्ञेने तेथे स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली. त्याच थम्मासात विद्यापीठातील एक प्राध्यापिका श्रीलंकेत जाऊन २००३ साली भिक्खुनी धम्मानंदा झाल्या. महाप्रजापतीने अडीच हजार वर्षांपूर्वी मागितलेला हक्क एका विदुषीला देश ओलांडून मिळवावा लागला.

यावरून आम्ही एवढे समजलो, की परंपरेने मिळालेल्या धम्माला सवयीचे बळ असते आणि सवयीची झापडेही असतात. आपला धम्म निर्णयाने आला आहे. तो दुधाच्या बाटलीवर छापलेला नाही. तो रोज आचरणात छापावा लागतो.

निवासी शाळेच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. तेथे ‘देक वाट’, म्हणजे विहारातली मुले, अशी जुनी प्रथा आहे. खेड्यातील गरीब मुलगा शहरातल्या विहारात राहतो, पहाटे भिक्खूंबरोबर पिंडपाताला जातो, झाडलोट करतो, उरलेले अन्न जेवतो आणि शाळा-कॉलेज शिकतो. माजी पंतप्रधान चुआन लीकपाई विद्यार्थिदशेत असेच विहारात राहिले होते. हे ऐकताना आम्हाला कर्मवीर भाऊराव पाटलांचे सातारचे छत्रपती शाहू बोर्डिंग आठवले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीला जेवत, तेही १९२० च्या दशकात, जेव्हा गावात पाणवठे वेगळे होते. आपल्या शाळेचे भोजनगृह त्याच परंपरेतले आहे. येथे पाचवीत आलेला मुलगा आठवड्याभरात शेजाऱ्याच्या ताटातली चटणी न विचारता उचलतो.

प्रश्न त्यानंतरचा आहे. या भोजनगृहातून गेलेले आपले विद्यार्थी आज सातारा, कराड, सांगली, मिरज, पुणे येथे घरमालक झाले आहेत. ज्यांना एके काळी खोली नाकारली गेली, त्यांच्या दाराशी आज भाडेकरू उभा राहतो. तो मातंग असेल, भटका असेल, मुसलमान असेल, बिहारचा मजूर असेल. आपण त्याला काय विचारतो? मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी चालतात, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावलेली असते, आणि हळूच कोणी विचारते, “पण तुम्ही मूळचे कोणत्यातले?” मसूरच्या स्टेशनमास्तरचा प्रश्न आणि हा प्रश्न यांत अंतर किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

बँकॉकमधील त्या तरुणीने आमचे आडनाव विचारले नाही यात तिचा मोठेपणा नव्हता. तिला त्याचा अर्थच ठाऊक नव्हता. आपल्याला अर्थ ठाऊक आहे. ठाऊक असून न विचारणे, यालाच आम्ही शील म्हणू. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: घर भाड्याने देताना नाव, कामधंदा आणि भाडे एवढेच विचारावे. लेकरांची लग्ने ठरवताना शिक्षण, स्वभाव आणि दोघांची पसंती एवढेच पाहावे. आणि आपल्याला कोणी आडनाव विचारलेच, तर ते स्पष्ट आवाजात, मान वर करून सांगावे.

जय भीम. नमो बुद्धाय.